वरवंट्याचं कानातलं

"वरवंटा वाजतोय," पराग म्हणाला.

"दगड आहे तो. वाजेल कसा?" आई म्हणाली आणि पुन्हा घुगऱ्यांचं पातेलं हलवायला लागली.

पराग माझा धाकटा भाऊ. त्याच्या पहिल्या मुलाचं बारसं होतं, वर्ध्याला, माझ्या माहेरी. वरवंट्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी शर्वीचं, माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं, कानातलं शोधत होते. माझ्याबरोबर सगळं घर शोधत होतं, कारण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मीच म्हणाले होते, "शर्वीचं कानातलं हरवलं."

बारशाच्या घरातल्या बायकांना या वाक्याचा एकच अर्थ कळतो. कुणी रव्याचा डबा परातीत ओतला, कुणी मोरीची जाळी उचलली. परागच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, अमरावतीहून आल्या होत्या. त्या पदर खोचून सोफ्याखाली शिरल्या.

"एकच गेलं का जोडी?" त्यांनी खालून विचारलं.

"जोडी."

"अवो माय. किती ग्रामचं होतं?"

"ग्रामचं नाही हो. ऐकण्याचं."

त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. "ऐकण्याचं म्हंजे?"

तेवढ्यात पराग तो वरवंटाच घेऊन आला. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी आमच्याकडे वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आईनं सकाळीच त्याला नटवून पाटावर निजवलं होतं. आता त्याच्या टोपड्यातून बारीक, चिवट शिट्टी येत होती, कुठेतरी लांब डास अडकल्यासारखी.

मी टोपडं काढलं. वरवंट्याला जिथे कान असायला हवेत तिथे दोन जांभळी श्रवणयंत्रं होती, कुंकवाच्या टिकल्यांनी नीट चिकटवलेली. ही यंत्रं झाकली गेली की शिट्टी वाजवतात.

"शर्वी."

ती दाराआडून माझं तोंड बघत होती. मी काय म्हणते ते ती नेहमी माझ्या तोंडावरून उचलायची.

"त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी त्याला दिलं."

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. मला सोमवार दिसत होता.

शर्वी दोन वर्षांची असताना तिच्या यकृतात गाठ निघाली होती. नागपूरला औषधं सुरू झाली, केस गेले, गाठ गेली, केस परत आले. ज्या औषधानं गाठ घालवली त्यानंच तिच्या आतल्या कानातले बारीक आवाज नेले, आणि ते परत आले नाहीत. पण ती बोलत होती, गाणी म्हणत होती, हाक मारली तर वळत होती. फक्त 'स' आणि 'श' तिच्या बोलण्यात नव्हते. साखरेला ती 'आखर' म्हणायची आणि आम्ही लाडानं तेच म्हणत बसायचो. नाव विचारलं की सांगायची, "अर्वी." लोक म्हणायचे, "गाव नाही गं, नाव सांग." आर्वी आमच्या वर्ध्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हा विनोद आमच्या घरात पुष्कळ चालला. तिला स्वतःचं नाव तसंच ऐकू येतं, हे कानांची तपासणी झाली तेव्हा कळलं.

तपासणाऱ्या इनामदार मॅडमनी यंत्रं बसवून दिली आणि म्हणाल्या, "घरी घालून बघा. सोमवारी घेऊन या. घालते म्हणाली तर तिची, नाही तर परत. पण जूनमध्ये ती पहिलीत बसणार आहे. निम्मी अक्षरं फळ्यावर आणि निम्मी हवेत, असं नको व्हायला." माझा नवरा मकरंद म्हणाला, "जबरदस्ती करू नकोस. पोरीनं आधीच पुष्कळ सोसलंय. नाही म्हणाली तर परत देऊ." आणि शर्वी रोज नाही म्हणत होती. पिशवी ओरडते, चप्पल ओरडते, पंखा ओरडतो. यंत्रं ती काढून कुठेतरी ठेवून द्यायची: तांदळाच्या डब्यात, आबांच्या चष्म्याच्या घरात, आणि आता वरवंट्याला.

मी खाली बसले. "नाव ठेवून होईपर्यंत घाल. मग तू म्हणशील तसं."

"मग वरवंट्याला देऊ?"

"देऊ."

तिनं विचार केला आणि डोकं पुढे केलं. मी यंत्रं पुसून तिच्या कानांवर चढवली. माझ्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, एक छोटा माइक होता. तो यंत्रांबरोबरच मिळाला होता. मी त्यात बोलले की गर्दीतसुद्धा माझा आवाज सरळ तिच्या कानात जायचा. आम्ही त्याला लॉकेट म्हणायचो. सकाळपासून ते चालू होतं, म्हणजे माझं सकाळचं सगळं बोलणं वरवंट्यानं ऐकलं होतं.

"अगळे ओरडतात," शर्वी म्हणाली आणि ओसरीवर निघून गेली.

ओसरीवर झोपाळ्यावर आबा, माझे वडील, बसले होते. त्यांनी उभ्या जन्मात आईला नावानं हाक मारलेली नाही. त्यांना चहा हवा असो की चष्मा, ते "शुक शुक" करायचे आणि आई घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून यायची. शर्वीला ती शुक शुक कधी ऐकूच आली नव्हती. तिनं आपला वेगळा शोध लावला होता: आबा तोंडाचा चंबू करतात, मग आजी येते. नागपूरच्या घरी तिला पाणी हवं असलं की ती पलंगावर बसून, आवाज न करता, चंबू करायची आणि वाट बघायची. मी गेले नाही की रुसायची. "आबांची आजी येते. तू येत नाही."

वरवंट्याला पुन्हा निजवलं आणि विहीणबाईंनी मला पकडलं.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव पाळण्यापाशी सांगेपर्यंत गुपित ठेवायचं असतं, आणि मी ते जिवापाड ठेवलं होतं.

"काय वो रेवतीताई, मी काय म्हंते, गुरुजींनं कुंभ रास काढली. शततारका. 'स' घ्या नाई तं 'श' घ्या. समर आहे, शर्व आहे, सोहम आहे."

"बघते ना."

"पंधरा दिवसांपासून पाहूनच राहिल्या तुम्ही. 'स' म्हटलं की तुमचं तोंड कडू होते. 'स'नं काय केलं तुमचं?"

"काही नाही हो. तसं काही नाही."

"मंग घ्या ना."

"विहीणबाई, आई बोलावतेय," असं म्हणून मी न्हाणीघरात शिरले आणि कडी लावली.

ही माझी सवय होती. शर्वीच्या आजारपणात लागली. घरात माणसं असली की मी न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि स्वतःलाच सांगायची, "होईल सगळं नीट. होईल सगळं नीट." नळाच्या आवाजात बाहेर काही कळायचं नाही. त्या दिवशीही मी तेवढंच म्हटलं, तोंड धुतलं आणि बाहेर आले.

मग परागनं मला कोठीच्या खोलीत ओढलं. तिथे तो थर्मोकोल, कटर आणि सोनेरी कागद घेऊन बसला होता.

"ताई, नाव सांग. भिंतीवर अक्षरं लावायचीत. पडदा टाकून झाकून ठेवीन. आत्ता नाही कापली तर पाळणा संपल्यावर चिकटवत बसेन."

"कुणाला सांगशील तर बघ."

"माझाच मुलगा आहे."

मी दार लोटलं. "मनन."

तो कटर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "मनन. आणि दुसरा झाला की चिंतन?"

"चांगलं नाव आहे."

"नाव चांगलं आहे गं. पण त्यात कानामात्राही नाही. सासूबाई मला अमरावतीपर्यंत ऐकवतील. तुझा एवढा हट्ट का?"

"सोपं आहे."

"ताई."

तो माझ्यापेक्षा लहान असला तरी असं 'ताई' म्हणाला की मला खोटं बोलता येत नाही. "म आणि न तिला नीट ऐकू येतात," मी म्हणाले. "यंत्र नसलं तरी. यंत्रं ती घालणार नाही, पराग. सोमवारी परत जाणार ती. निदान भावाला हाक तरी त्याच्या खऱ्या नावानं मारू दे तिला. 'स'चं नाव ठेवलं तर तोही जन्मभर तिच्यासाठी अर्धाच राहील."

त्यानं थर्मोकोलवर पेन्सिलीनं 'म' काढला. मग कटर चालवला आणि त्या किरकिरण्यानं माझे दात शिवशिवले.

"'न' दोन लागतील," तो म्हणाला. "बरं झालं. एकावर एक ठेवून कापतो."

मी बाहेर आले. बैठकीत बायका जमल्या होत्या, पाळण्याला फुलं लागली होती. परागची बायको मृदुला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि बाळ सगळ्यांच्या साड्यांवर आळीपाळीनं नाराजी दाखवत होतं.

"शुक शुक."

मी वळले. आईही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय हवंय?" तिनं ओसरीकडे बघून विचारलं.

"मी कुठे बोललो?" आबा म्हणाले. त्यांच्या तोंडात विडा होता, त्यांना चंबू करणं शक्यच नव्हतं.

"शुक शुक."

खिडकीच्या कट्ट्यावर शर्वी बसली होती. तोंडाचा चंबू होता, आणि त्यातून आवाज येत होता. तिच्याभोवती घरातली आणि शेजारची सगळी पोरं लाडू, चिक्की, गोळ्या घेऊन उभी होती, एखाद्या ज्योतिषाभोवती उभी असावीत तशी.

"आई आली, आजी पण आली," ती पोरांना म्हणाली. "बघा, होतं."

मी तिला दाराच्या पडद्यामागे नेलं. "हे लाडू कशाचे?"

"नाव विचारतात. मी अजून आंगितलं नाही. फक्त आंगीन म्हटलं."

"कुठलं नाव?"

"बाळाचं. मनन." तिनं चिक्कीचा तुकडा मोडला. "मामा थर्मोकोल कापत होता. तो फार ओरडतो."

माझा हात गळ्याकडे गेला. लॉकेटचा हिरवा दिवा चालू होता. सकाळपासून मी तो बंदच केला नव्हता.

"अजून काय ऐकलंस?"

"नळ. नळ काय म्हणतो माहितीये?" तिनं दात मिटले आणि वारा सोडला. "श्श्श्. आणि तू म्हणत होती, होईल नीट, होईल नीट. तुला काय झालंय?"

"मला काही नाही झालं."

"मग नीट काय होणार?"

मी तिच्या तोंडावरचा चिक्कीचा चुरा पुसत बसले.

"मनन नको," ती म्हणाली.

"का गं? छान आहे की. तुला सोपं."

"तेच. मला येतं ते. मला न येणारं ठेव."

"तुला न येणारं नाव मग तू म्हणणार कशी?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वरवंटा होते. मग तिनं कानावरच्या जांभळ्या यंत्रावर बोट वाजवलं. "यानं."

बाहेर आईनं हाक दिली, "रेवती, आत्याबाईंशिवाय पाळणा हलायचा नाही, ये."

"आबांचं ठेव," शर्वी म्हणाली.

"आबांचं म्हणजे?"

"शुक शुक."

"राणी, ते नाव नाही. ती हाक आहे."

"नावानं हाकच मारतात ना?"

मी बाहेर आले. भीती होती, पण त्या भीतीला कुणीतरी गुदगुल्या करत होतं. डोक्यात शुक शुकशिवाय काहीही येत नव्हतं.

पाळण्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. वरवंटा गोविंद होऊन खालून गेला, गोपाळ होऊन वरून आला. विहीणबाईंनी त्याचं टोपडं उचलून आत बघितलं. "पाह्यलं बरं. पुन्हा शिट्टी नाई पाह्यजे." मग बाळ पाळण्यात गेलं. मी वाकले. माझ्यामागे बायका हात सरसावून उभ्या राहिल्या, कारण आत्या नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि पंधरा दिवस मी ज्यांना ताटकळत ठेवलं होतं त्या सगळ्या एका रांगेत होत्या.

वाकताना मी शर्वीला शोधलं. ती भिंतीपाशी होती. आणि तिनं माझ्याकडे पाठ केली.

चार वर्षं या पोरीनं माझं तोंड बघितलं होतं. जेवताना, झोपताना, रस्त्यानं चालताना मान वळवून. माझं बोलणं तिनं कधी पाठमोरं घेतलंच नव्हतं. आता ती भिंतीकडे तोंड करून, दोन्ही मुठी आवळून उभी होती, आणि माझ्या गळ्यातला हिरवा दिवा चालू होता.

मी बाळाच्या कानाशी गेले. तो झोपेत ओठ हलवत होता. "शुक," मी म्हणाले. एवढ्या हळू की माझं मलाही नीट ऐकू आलं नाही.

"शुक," भिंतीकडून मोठ्यानं आलं.

शर्वी वळली होती आणि जागच्या जागी उड्या मारत होती. "शुक, शुक, शुक."

त्याच क्षणी माझ्या पाठीवर अमरावती कोसळली. "कुर्रर्र," बायका ओरडल्या, धपाट्यावर धपाटे बसले. "काय म्हणाली? काय नाव?" आणि परागनं मोठ्या झोकात भिंतीवरचा पडदा ओढला.

सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं: मनन.

धपाटे घालणारे हात हवेतच राहिले.

"शुक कसं, मनन आहे ना," कुणीतरी म्हणालं.

"ताई," पराग माझ्याकडे बघत म्हणाला, "मी कोठीत तास घातला गं."

"नाव बदललं," मी म्हणाले. मला हसू आवरेना.

आबांनी विडा गालात सारला. "शुक," ते म्हणाले आणि चव घेतल्यासारखं पुन्हा म्हणाले, "शुक. परीक्षिताला भागवत ऐकवणारे शुकमुनी. उत्तम नाव आहे. आणि शुकानं मननही केलंच असेल, तेव्हा भिंत चुकलेली नाही."

"शुक म्हंजे पोपट ना वो?" विहीणबाईंनी विचारलं.

"पोपटही," आबा म्हणाले.

सगळ्यांची नजर बाळाकडे गेली. मृदुलानं पाळण्यात वाकून त्याचं नाक बघितलं, मग परागचं बघितलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "घराण्यातच चोच आहे. चालेल मला."

विहीणबाई बोटांवर काही मोजत होत्या. मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळला. "श. 'श' आला. मी म्हंतच होते, 'श' घ्या. शेवटी माझंच ऐकलं रेवतीताईनं." त्यांनी मला जवळ घेतलं आणि आधी जिथे धपाटा घातला होता तिथेच पाठ चोळली. मी त्यांना काही सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली, त्या अजून हे नाव स्वतःचं समजतात.

फोटोंमध्ये आजही बाळामागे मननच लिहिलेलं आहे. शुक आता सहावीत आहे. वर्ग त्याला काय हाक मारतो हे सांगायला नको, आणि त्याबद्दल तो माझ्यावर अधूनमधून चिडतो. मी त्याला म्हणते, तुझ्या ताईला विचार.

त्या दुपारी पाहुणे पांगले. शर्वी अंगणात पाटावरच्या वरवंट्यासमोर उकिडवी बसून त्याला घुगऱ्या भरवत होती. मी तिच्या शेजारी बसले. मला विचारायचं नव्हतं, पण राहवेना.

"नाव झालं. आता यंत्रं वरवंट्याला द्यायची होती ना?"

ती घुगऱ्या भरवतच राहिली. "त्याला दुअरं आण," ती म्हणाली. थांबली, मान हलवली आणि दात मिटून पुन्हा म्हणाली, "दुश्शरं. हे माझं कानातलं आहे."

मी वरवंट्याचं टोपडं सरळ केलं. ते आधीच सरळ होतं.

ओसरीवर झोपाळा करकरला. आबांची वामकुक्षी झाली होती. "शुक शुक."

शर्वीची झोपाळ्याकडे पाठ होती. तरी ती वळली. हातातला चमचा तसाच, आधी आबांकडे बघितलं, मग आजी कुठे दिसते का ते बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या पाळण्याकडे.

"आबा, कोणाला?"

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. "जो आधी ऐकेल त्याला."

ती उठली आणि धावत स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला, "आजी, आबांना चहा. हाक मारली त्यांनी."

"कधी?" आई म्हणाली. "मला बाई ऐकूच नाही आली."